इहिरीवरचा कोणी एक

मले रागीट म्हणतात. म्हणू दे. माह्या भावाच्या इहिरीवर साहेबानं दगड बसवला अन् त्या दगडावर माह्या भावाचंच नाव नाई, हे पाहून ज्याले राग येत नाई, त्याच्या अंगात रक्त हाये का ताक, ते त्यानं आपलं आपण पाहावं.

मी आशाबाई. दिलेली तिवस्याले, पण माहेर बडनेऱ्याच्या पलीकडं, अकोल्याच्या रस्त्याले लागून जे काळं वावर हाये तथी. शालिकराम माहा लहाना भाऊ. जमुना त्याची बायको. त्याईले पोरबाळ नाई. हे पहिलेच सांगून ठेवते, कारण ज्याच्या मांगं लेकरू नाई त्याचं नाव कोण घेईन, हाच सारा झगडा हाये.

झालं असं का, सात समुद्रापलीकडं कुठीतरी लढाई लागली म्हणे, अन् अथी आमच्या कापसाले असा भाव आला का लोकं जवारी पेराले इसरले. रस्त्यावर निस्त्या बैलबंड्याच बंड्या. अमरावतीहून अकोल्याले, तथून पुढं खामगावले, दिवसभर धूळ खाली बसत नव्हती. आमच्या धुऱ्यापाशी बैल जिभा काढून उभे राहत. बंडीवाले येऊन पाणी मांगत. जमुना घरची घागर रिकामी करून दे, पण एका घागरीत किती बैल पितीन? शालिकराम मले म्हणे, "बाई, हे पाहून माह्या घशाखाली भाकर जात नाई." अन् लागला खोदाले.

वावराच्या मधात नाई बरं, रस्त्याच्या कडेले. म्हणे, बंडीवाल्याले कोणाच्या वावरात शिराचं काम पडू नये. त्या दिवसात जो तो बायकोले गोठ अन् पाटल्या करून राहिला होता, बैलाच्या शिंगाले चांदी लावून राहिला होता, अन् हा बाप्पा सब्बल-कुदळ घेऊन खड्ड्यात! लोकाईनं येडा म्हटलं. दोन उन्हाळे खोदलं त्यानं. खाली खडक लागला, तो फोडला. जमुना माती वर ओढे. पाणी लागलं तवा मी माहेरीच होती. गोड पाणी, बाप्पा! पहिली बादली त्यानं देवाले नाई दाखवली, एका म्हाताऱ्या बैलाले पाजली.

त्याच येळेले पिंटन साहेब घोड्यावरून चालला होता. अकोल्याले त्याची कापसाची कोठी, रस्त्यावर अर्ध्या बंड्या त्याच्याच. तो उतरला. माह्या भावानं बादलीतून पाणी ओतलं अन् साहेबानं ओंजळ करून पोटभर पेलं. त्याच्या पाठीवर थाप मारून "शाबास" म्हणे. हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. ध्यानात ठेवा, पुढं कामी येईन.

मंग पावसाळ्याच्या आधी इहीर बांधाले घेतली. वरून एक दगड निसटला, अन् खाली शालिकराम होता. याच्यावर मी जास्त बोलत नाई. बोलाले गेली तर दिवसभर हातून काम होत नाई.

वर्ष झालं. माह्या लेकीचं बाळंतपण होतं म्हणून मी तिवस्यालेच अडकून राहिली. अन् मी नसताना साहेबानं इहिरीपाशी बैलासाठी हौद बांधला अन् दगड बसवला. मी असती तर हे सारं झालंच नसतं! सात येळा ओरडून नाव सांगितलं असतं मी. पण तथी होती जमुना.

साहेबानं तिले हिंदुस्तानीत इचारलं, "बाई, तेरे मरद का नाम क्या?"

जमुनानं पदर पुढं ओढला अन् म्हणे, "आमच्या घरचे."

"नाम, नाम?"

"तेच. जे गेले ते."

आता तुमीच सांगा, बाई नवऱ्याचं नाव कशी घेईन? माह्याही घरच्याचं नाव मी घेत नाई, पण जमुना सगळ्यांच्या वरची. नवऱ्याच्या नावात राम हाये म्हणून ती कोणाले "राम राम" म्हणत नाई, निस्ते हात जोडते. देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाले "काळा देव" म्हणते. अशा बाईले परका माणूस चारचौघात नाव इचारते! बरं, बाजूले खुशालराव पाटील उभा होता. साहेबाचा दलाल. शालिकरामसंग चिखलात खेळून मोठा झालेला. त्याच्या तोंडाले काय कुलूप होतं? एक नाव सांगाचं होतं. पण तो म्हणे, "छोडो साहेब, लिखने का काम क्या उसका!"

मी माहेरी आली तवा बंडीवाले एकमेकाले सांगून राहिले होते, "चाल, खुशालराव पाटलाच्या इहिरीवर बैल सोडू." मी त्या बंडीवाल्याचा कासराच धरला. "कोणाची इहीर म्हटलं रे?" तो म्हणे, "पाटील स्वतः सांगते जी. दगडावर लिवलं हाये म्हणते."

तशीच मी पाटलाच्या ओट्यावर गेली. आयत्या बिळावर नागोबा तो, तक्क्याले टेकून सुपारी कातरून राहिला होता. मी म्हटलं, "खुशाल, माह्या भावानं इहीर खोदली तवा तू कुठी होता?" तर हासून म्हणे, "आशाबाई, साहेबानं लिवलं ते खोटं असन का? वाचून पाहा ना." त्याले ठाऊक होतं, वाचणारा गावात कोणी नाई. आमच्या शाळेतले मास्तर थोडंबहुत इंग्रजी शिकलेले, त्याईले मी हाताले धरून दगडापाशी नेलं. त्याईनं दगडाभोवती दोन चकरा मारल्या, घाम पुसला अन् म्हणे, "अक्षरं ओळखीची आहेत बाई, पण हे फार उंच इंग्रजी आहे."

उंच इंग्रजी! मी दमणी जुंपली अन् अमरावतीले मोरोपंत वकिलाकडं गेली. आमच्या वावराचे कागद त्याईच्याचकडं असत. माणूस भित्रा, पण मुंबईले पाद्र्याजवळ शिकलेला. म्हटलं पंत, पागोटं बांधा अन् चाला.

पंतानं दगड वाचला अन् लहान पोरासारखे खूश झाले. "आशाबाई, ही इंग्रजी नव्हे, लॅटिन! साहेब लोकांची संस्कृत म्हणा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'तहानलेल्या माणसांसाठी आणि गुरांसाठी पिंटन याने हा हौद बांधला.' आणि खाली बारीक, 'विहीर क्विदाम आग्रिकोला याने खोदली.' आग्रिकोला म्हणजे शेतकरी."

"अन् ते क्विदाम? ते खुशालरावचं नाव हाये का?"

"छे छे. क्विदाम म्हणजे कोणी एक."

"म्हणजे साहेबाले ठाऊक नाई कोण ते?"

"नाही ना! तीच तर त्या भाषेची बारीकी." पंत हौदाच्या काठावर बसले. त्याईले इतक्या दिवसात कोणी हे इचारलंच नसन. "हे पाहा. तुमचा बैल रात्री कोणीतरी सोडून नेला, कोण ते तुम्हाला ठाऊक नाही. तिथे ते म्हणतात आलिक्विस. नेताना कोणीसुद्धा पाहिलं नाही, तिथे क्विस्क्वाम. तो शब्द बहुतेक 'नाही'चा हात धरूनच येतो. या हौदावर कोणीही यावं, वाटेल त्याने प्यावं, तर तिथे क्वीविस. पण क्विदाम कधी? बोलणाऱ्याच्या मनात एक ठराविक माणूस असतो तेव्हा. तो त्याला पक्का ठाऊक असतो. फक्त नाव सांगायचं नसतं. किंवा सांगायची गरज वाटत नाही."

"गरज वाटत नाई?" मी अशी ओरडली का हौदावरचे बैल मांगं सरले. "माहा भाऊ या इहिरीत मेला, त्याच्या हातचं पाणी हा साहेब पेला, अन् त्याले गरज वाटली नाई? ठाऊक नसतं तर मी माफ केलं असतं पंत. येड्याले माफी असते. पण ठाऊक असून? एवढी शोधून शोधून भाषा काढली, तिच्यात चार चार शब्द, अन् त्यातून नेमका हाच उचलला?"

पंत मले थंड कराले गेले अन् भलतंच बोलून बसले. "बाई, तसं पाहिलं तर तुमची जमुनाबाई 'आमच्या घरचे' म्हणते, तेही एका परीने क्विदामच झालं. ठाऊक आहे, पण नाव घेत नाही."

"खबरदार पंत!" मी म्हटलं. "ती नाव घेत नाई, कारण त्या नावाले ती जिवापेक्षा जपते. ह्यानं नाव घेतलं नाई, कारण कुणब्याच्या नावानं याच्या दगडाची शोभा जाते. दोघाईले एका शब्दात कोंबणारी तुमची लॅटिन चुलीत घाला."

पंतानं दगडावरची बारीक ओळ बोटानं पुसली. मंग म्हणे, "खरं आहे. व्याकरणात हे लिहिलेलं नसतं."

मी म्हटलं, मंग चाला अकोल्याले, साहेबालेच इचारू. पंतानं पोटदुखीचं सांगून पाह्यलं, पण मी दमणीतून उतरूच दिलं नाई. मूर्तिजापूरले मुक्काम केला अन् दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या कोठीत जाऊन उभी राहिली. अंगणात कापसाचे ढीग, हमाल, धूळ, अन् साहेब खुर्चीत. पंत इंग्रजीत बोलले, पण मी मधातच तोंड घातलं. म्हटलं, "साहेब, पानी पिया था ना? याद है?"

साहेब म्हणे, "हां, याद है. अच्छा आदमी था."

"वो खुशालराव था?"

साहेबानं खिशातलं घड्याळ काढून पाह्यलं. माणूस जवाब देत नाई तवा काय काय पाहते! मंग पंताजवळ इंग्रजीत लंबंचौडं बोलला. पंत मान खाली घालून मले सांगत गेले. "साहेब म्हणतात, रोज शंभर माणसं भेटतात, नावं कोण लक्षात ठेवणार. त्यांनी त्याच्या बायकोला विचारलं होतं. तिने सांगितलं नाही. जे नाव घरच्या बाईला सांगावंसं वाटलं नाही, ते मी दगडावर का कोरू, असं विचारतात."

चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, "शालिकराम! शालिकराम नाव हाये त्याचं! घे लिवून!"

साहेब हासला. पंताचे कान लाल झाले होते. "म्हणतात, तू बहीण, तू भावाचंच सांगणार. पाटील म्हणतो त्याने विहीर खोदवून घेतली. पुढल्या आठवड्यात साहेब हौदावर येऊन पाटलाला मानाचं पागोटं बांधणार आहेत. त्या वेळी विहीर खोदणाऱ्याच्या बायकोने सगळ्यांसमोर नाव सांगावं. मग कोरून देतील."

तो जाणून होता ती सांगणार नाई. आमची रीत त्याले पुरी ठाऊक होती, अन् त्याच रितीचा त्यानं आमच्याच गळ्याले फास केला. माह्या तोंडी एवढ्या शिव्या आल्या का पंतानं मले ओढतच बाहेर आणलं.

घरी आली तवा जमुना चुलीपाशी भाकरी थापून राहिली होती. मी सारं सांगितलं अन् तिच्यावरच तणतणली. "एक बार तोंड उघड जमने! तुह्या मुक्या तोंडापाई त्याचं नाव चाललं. उद्या मी मेली का संपलं, मंग कोण सांगन?"

तिनं तव्यावरची भाकर उलटली. मंग म्हणे, "बाई, लग्नात मले साऱ्याईनं नाव घ्याले लावलं होतं. तुमीबी होत्या."

"होती ना. तू तोंडात मूग धरून बसली होती."

"लाजली मी. त्याईनं मांगून हळूच म्हटलं, घे ना, मले आइकाचं हाये. मी म्हटलं, मंग कवातरी घेईन. मंग दरसाल संक्रांत आली का ते इचारत, यंदा घेशीन का? मी म्हणो, पुढल्या साली." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता माहं कपाळ असं. आता उखाण्यात नाव घ्याची बारी माही नाई, बाई. कुंकवाच्या बाया नाव घेतात."

मी चुलीत एक काडी सारली अन् परात माह्याकडं ओढून उरलेल्या भाकरी थापल्या.

पागोट्याच्या दिवशी हौदाभोवती जत्रा भरली. बंड्या रस्त्यावरच सोडलेल्या. साहेब खुर्चीत, पंत त्याच्या बाजूले, अन् ताटात जरीचं पागोटं. खुशालरावानं नवं धोतर नेसलं होतं अन् मिशीले तेल लावलं होतं. बाया मांगं उभ्या होत्या, त्याच्याही मांगं मी अन् जमुना.

साहेब उठला अन् हासत हासत म्हणे, "वो बाई आई है क्या?"

मी पुढं होणार तेवढ्यात जमुनानं माहा हात दाबला अन् स्वतः चालाले लागली. कमरेवर घागर, कपाळ मोकळं. एका बुढीनं तिले अडवलं, "मांगं हो वं बाई, शुभ कामाची येळ हाये." जमुना थांबली नाई. दगडापाशी गेली, घागर खाली ठेवली, अन् डोक्यावरचा पदर नीट केला. नवी नवरी करते तसा. अन् मंग अख्ख्या रस्त्याले आइकू जाईन एवढ्या मोठ्यानं तिनं उखाणा घेतला.

"खडक फोडला, पाणी लागलं, दगडावर नाव नाई;
शालिकरामची इहीर हाये, कोणाले नाई म्हणत नाई!"

विधवा बाई, चारचौघात, उखाणा घेते! मांगच्या बायाईनं पदर तोंडात कोंबले. "माय वं!" ती बुढी म्हणे, अन् तिचेच डोळे भरून आले.

मंग हौदापासून एका बंडीवाल्यानं हाक मारली, "कोणाची म्हटलं, माय?"

"शालिकरामची," जमुना म्हणे.

पंत साहेबाले सांगाले लागले. त्या दिवशी त्याईचा आवाज कापला नाई, हे सांगणं भाग हाये. साहेबानं खुशालरावाकडं पाह्यलं. म्हणे, "पाटील, सच?" अन् खुशालराव, जो ओट्यावर बसून गावाले हुशारी शिकवते, तो आपल्या जोड्याकडं पाहून राहिला होता. मी म्हटलं, "बोल ना रे खुशाल! आता काहून दातखीळ बसली?" बंडीवाले फिदीफिदी हासले. साहेबानं "ठीक है, खोद देंगे" म्हटलं अन् घोडा मांगवला. पागोटं ताटातच राहिलं. ते कोणाच्या डोक्यावर गेलं मले ठाऊक नाई, अन् मले घेणंदेणंही नाई.

खोदून दिलं का? दिलं कशाचं! ती परदेशातली लढाई थांबली, कापसाचा भाव बसला, अन् साहेब कोठी गुंडाळून जो गेला तो गेला. चार अक्षरं कोराले त्याले एक छिन्नीवाला पाठवता आला नाई. दगड अजून तसाच हाये. पिंटनचं नाव मोठं, अन् खाली बारीक कोणी एक. तिवस्याहून येताना दर बारी मी त्याच्यापुढं उभी राहून साहेबाच्या सात पिढ्या उद्धरते. पण बंडीवाल्याले काय लॅटिन येते? तो आपला म्हणते, "चाल, शालिकरामच्या इहिरीवर बैल सोडू."

पण त्या दिवशीचं एक सांगाचं राहिलं. सारे पांगले, बंड्या गेल्या. जमुना इहिरीच्या काठाले बसली होती. मी म्हटलं, "चाल घरी. आता लोकं काही म्हणतीन, त्याईले मी पाहून घेईन."

ती म्हणे, "बाई, पहिल्यांदा घेतलं मी. त्याईनं आइकलं असन का?"

आता काय सांगू मी तिले? माह्या तोंडून आलं ते एवढंच, "नसन आइकलं तर अजून एक बार घे."

जमुनानं इकडंतिकडं पाह्यलं नाई. ती इहिरीच्या काठावर वाकली, अन् उखाण्याबिगर, निस्तं नाव घेऊन तिनं त्याले हाक मारली.